अट्रॅक्टाची आखूड मेणबत्ती

अट्रॅक्टा गिल्डे दुकानात शिरली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "कुणाचं?"

कशी आहेस नाही, पाऊस थांबला का नाही. कॅरोमॉइलच्या चर्चचं जुन्या वस्तूंचं दुकान मी सांभाळते, म्हणजे गल्ल्यावर बसते आणि दुसऱ्यांच्या घरातली धूळ खाते. आमच्या गावात चांगली खोकी एकाच कारणाने येतात. कुणीतरी गेलेलं असतं, डब्लिनहून नाहीतर बॉस्टनहून मुलं आलेली असतात, त्यांना परतायची घाई असते आणि आईच्या कपबशा विमानात नेण्याइतकी माया कुणाकडे नसते. मग ती खोकी माझ्या दारात येऊन पडतात. अट्रॅक्टा त्यात कोपरापर्यंत हात घालायची, एखादी बशी खिडकीच्या उजेडात धरायची आणि विचारायची, "कुणाचं?"

"आधी घेणार आहेस का ते सांग," मी म्हणायचे.

"घेण्याचं नंतर. गोरेटी, बशी कुणाची आहे?"

मला मालकाचं नाव सांगता आलं नाही तर ती बशी कितीही सुंदर असो, परत खोक्यात जायची. एकदा सोनेरी काठाचा आख्खा चहाचा संच आला होता, एकाही कपाचा टवका उडालेला नव्हता. पण तो कुठल्याशा परगावच्या व्यापाऱ्याने उतरवलेला. अट्रॅक्टाने त्याला बोटसुद्धा लावलं नाही. "अनोळखी माणसांना मी घरी जेवायला बोलवत नाही," म्हणाली. मी हसले. तेव्हा मला वाटलं ती विनोद करतेय.

ती नन्सच्या शाळेत स्वयंपाकीण होती. नन्स गेल्या, शाळा गेली, आणि ती पुलाजवळच्या त्याच घरात राहिली जिथे जन्मली होती. लग्न केलं नाही. भाऊ इंग्लंडला गेले, तिकडेच पुरले गेले. उंच, हाडकुळी बाई. बोलणं तुटक आणि नजर अशी की आपण चर्चमध्ये जांभई दिली ते हिला दिसलंय असंच वाटावं. मला ती आवडायची, पण तिच्याशेजारी फार वेळ बसवायचं नाही.

तिच्या घराला वर्षातून एकदाच रंग चढायचा, तो सहा जानेवारीला. आमच्याकडे तो बायकांचा नाताळ. नाताळभर राबलेल्या बायका त्या दिवशी काडी हलवत नाहीत, चूल पुरुषांकडे असते. माझा नवरा जार्लथ दरवर्षी त्या दिवशी बटाटे करपवतो आणि दरवर्षी भांड्याला दोष देतो. मी त्याला त्याच्या नशिबावर सोडून अट्रॅक्टाकडे जायचे. कॉन्सेप्टा हेनेगनही यायची. ती पूर्वी पोस्ट चालवायची. आता तिला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने तिला ऐकायचं नसतं.

अट्रॅक्टा दोन दिवस आधीपासून टेबल मांडायला घ्यायची. खाली पांढरी लिननची चादर, आमच्या जुन्या पाद्रीबुवांच्या कपाटातली. तिच्यावर मधोमध हिरवा पट्टा, तो गावच्या बँडच्या पोशाखातला. सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीत तो बँड वाजायचा तोपर्यंत वाजला, मग वाजवणारेच उरले नाहीत. तिपानी शॅमरॉक रंगवलेले कप टान्सीबाईंचे. हार्पचं चित्र असलेला पेला पॅकी मॉरनचा. बसलेल्या गाईच्या आकाराचं लोण्याचं भांडं, काचेच्या हिरव्या बाटल्यांत हॉली आणि आयव्हीच्या डहाळ्या, आणि एक साखरदाणी, गवती छपराच्या घरासारखी. छप्पर उचललं की आत साखर. पर्यटकांच्या गळ्यात मारायचा तो थिल्लर माल. पण ती डेलिया रुआनने न्यूयॉर्कला विकत घेतली होती, दुसऱ्यांची घरं पुसत असताना, आणि चाळीस वर्षांनी परत आली तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध गुंडाळून आणली. अट्रॅक्टा ती साखरदाणी दोन्ही हातांनी ठेवायची.

आणि ठेवताना बोलायची. "टान्सीबाई, तुम्ही इकडे बसा, शेगडीजवळ. पॅकी, तू तिकडे. तिच्याजवळ नको, कुंपणावरून भांडाल. डेलिया, तुला खिडकी."

माझ्या अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोलू. पॅकीच्या पेल्याला ओठ लावला की त्याच्या ओल्या कोटाचा वास यायचा. त्या खोलीत आम्ही तिघी असायचो, नंतर चौघी झालो, पण किटली उचलली की मला दरवेळी वाटायचं, चहा पुरणार नाही.

टेबलाच्या मधोमध चाळण. पिठाची मोठी गोल चाळण, ओटच्या दाण्यांनी काठोकाठ भरलेली, आणि त्यात हजर असलेल्या प्रत्येकीच्या नावाची एकेक मेणबत्ती. हा प्रकार पूर्वी घरोघरी होता, आता अट्रॅक्टाकडेच उरला. सगळ्या मेणबत्त्या एकदम पेटवायच्या. मग टेबलाकडे पाठ करून, खुर्चीच्या बैठकीवर कोपरं टेकून गुडघ्यावर बसायचं आणि रोझरीची जपमाळ म्हणायची. फुंकर मारायची नाही, ज्योतीला हात लावायचा नाही. जिची आधी विझेल ती आधी जाणार.

मेणबत्त्यासुद्धा माझ्याच दुकानातल्या, गेलेल्यांच्या खणांत सापडलेले तुकडे. अट्रॅक्टा ते वाटायची आणि सगळ्यात आखूड तुकडा स्वतःच्या नावाने खोचायची. साहजिकच दरवर्षी पहिली तिचीच विझायची.

"अभिनंदन, अट्रॅक्टा!" कॉन्सेप्टा ओरडायची. "याही वर्षी तूच मेलीस!"

"बरं झालं," अट्रॅक्टा म्हणायची आणि केक कापायची. मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या सुमाराला पाहावं तर बाई परसात वाकून बटाटे लावतेय. मला हे सगळं ढोंग वाटायचं. काही लोकांना सगळ्यात करपलेली पोळी आपल्या पानात वाढून घ्यायची हौस असते आणि ती सगळ्यांना दिसावी अशीही इच्छा असते. ही त्यातलीच, असं मी जार्लथला सांगायचे.

मग इटा परत आली.

इटा म्हणजे अट्रॅक्टाची धाकटी बहीण. आईविना वाढलेली, अट्रॅक्टानेच वाढवलेली. इटा वर्षाची व्हायच्या आत आई गेली तेव्हा अट्रॅक्टा दहा-अकरा वर्षांची होती, आणि तेव्हापासून तिने त्या पोरीला कडेवरून खाली ठेवलं नाही असं जुनी माणसं सांगायची. पुढे इटा लीड्सला गेली, केस कापायचं दुकान काढलं, नवरा केला, तो गेल्यावर दुकान विकून घरी आली. केस तांबडे रंगवलेले, तोंडात सिगारेट, आणि हसणं असं की पुलाच्या पलीकडे ऐकू यावं. तिने लीड्सहून एक जाड पिवळा मग आणला होता. पहिल्याच बायकांच्या नाताळाला तिने तो टेबलावर ठेवला आणि अट्रॅक्टाने तो उचलून ओट्यावर नेला.

"काय झालं?" इटा म्हणाली.

"या टेबलावर जिवंत माणसाची वस्तू येत नाही."

"म्हणजे माझ्या मगातून चहा प्यायचा तर आधी मरू का मी?"

"तोंड सांभाळ."

"ऐकलंत का गं? बहिणीच्या घरी चहाला बोलावलंय, पण अट भारी आहे!"

आम्ही खो खो हसलो. अट्रॅक्टा हसली नाही. तिने इटाच्या नावाची मेणबत्ती दोनदा मुळाशी दाबून बघितली, ताठ उभी आहे ना म्हणून.

अशी काही वर्षं गेली. मग एका शरद ऋतूत इटाला खोकला लागला तो थांबेचना. जिल्ह्याच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. फुप्फुसात होतं आणि तिथून पुढेही गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ती उन्हाळा बघेल असं वाटत नाही. हे मला इटानेच सांगितलं, दुकानाच्या दारात, आणि वर म्हणाली, "तुझा तो निळा कोट माझ्यासाठी ठेवू नकोस, एका थंडीसाठी कशाला."

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात अट्रॅक्टा आली. खोक्यांकडे बघितलंसुद्धा नाही. गल्ल्यापाशी उभी राहिली, हातमोजे काढले, परत घातले.

"गोरेटी, यंदा मेणबत्त्या नाहीत."

"बरं," मी म्हणाले.

"टेबल मांडीन. केक असेल. पण चाळण नाही."

"बरं म्हटलं ना गं."

ती गेली. दुपारी इटा आली. उंबरठा चढेपर्यंत तिला धाप लागली होती. मी स्टूल पुढे केलं.

"आली होती ना ती? मेणबत्त्या नाहीत म्हणाली?"

"म्हणाली."

"तू काढून ठेव."

"इटा, राहू दे गं यंदा. कशाला तिच्या जिवाला घोर?"

"घोर तिला आजचा नाही," इटा म्हणाली. "आणि मेणबत्तीपुढे घाबरून बसायला मी काय लोणी आहे? तू काढून ठेव. मी पेटवणार आहे म्हणून सांग तिला."

घोर आजचा नाही, याचा अर्थ मी विचारला नाही. गिऱ्हाईक आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अट्रॅक्टा परत हजर. बहिणींचं घरी वाजलं असणार, कारण तिचे डोळे सुजलेले होते. मी फडताळावरचे तुकडे दाखवले. तिने ते बघितले नाहीत. ती कोपऱ्यात बोट दाखवत होती. तिथे चर्चची ईस्टरची जुनी मेणबत्ती उभी होती. दरवर्षी नवीन येते आणि जुनीचा बुंधा आमच्याकडे पाठवतात. मनगटाएवढी जाड, वीतभर उरलेली. पेटवली तर दिवसचे दिवस चालेल.

"कुणाची?" तिने सवयीने विचारलं.

"येशूची."

ती हसली. मीही हसले. त्या महिन्यात ती हसलेली मी तेवढीच पाहिली.

"ही इटाला," ती म्हणाली, आणि तो बुंधा छातीशी धरून गेली. मला कळलं ती काय करतेय. हा खेळ नव्हता, ती तिथे लबाडी करायला निघाली होती. पण मरणाऱ्या बहिणीसाठी कुणी देवाशी लबाडी करत असेल तर गोरेटीने मध्ये का पडावं?

सहा तारखेला चारलाच अंधारून आलं, जानेवारीत येतं तसं. आम्ही पोचलो तेव्हा टेबल मांडलेलं होतं आणि मी तसं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं घेतलेली एकूण एक वस्तू तिने बाहेर काढली होती. कप, पेले, टवके उडालेल्या ताटल्या, सेंट ब्रिजिडचा लव्हाळ्याचा क्रॉस, कुणाच्या लग्नातले काटेचमचे. बसायच्या जागा चार आणि मांडलेली पानं पंधरा-सोळा तरी असतील. टान्सीबाई, पॅकी, डेलिया, माझी स्वतःची आत्या, सगळे. जणू तिने सगळ्यांना साक्षीला बोलावलं होतं, किंवा मदतीला.

इटा शेगडीशेजारी उंच पाठीच्या खुर्चीत होती, गुडघ्यांवर घोंगडी. तांबडा रंग उतरून केस मुळांशी पांढरे झाले होते. "या या," ती म्हणाली. "आज गर्दी आहे. कडेकडेने बसा."

ईस्टरचा बुंधा चाळणीत उभा राहीना, म्हणून अट्रॅक्टाने तो चाळणीच्या मधोमध पुडिंगच्या वाडग्यात बसवला होता. भोवती ओटमध्ये आमच्या मेणबत्त्या. तिने काडी ओढली. "ही कॉन्सेप्टा. ही गोरेटी. ही इटा." आणि शेवटी कडेला, नखाएवढा एक तुकडा. "ही मी."

"अगं, ही काडी लावायच्या आधीच विझेल की!" कॉन्सेप्टा म्हणाली.

इटा त्या तुकड्याकडे बघत राहिली. तिने काही टोमणा मारला नाही. मला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं.

आम्ही तिघी टेबलाकडे पाठ करून गुडघ्यावर बसलो आणि तोंडं खुर्च्यांत घातली. इटाला गुडघ्यावर बसवत नव्हतं, ती तशीच खुर्चीत बसली. म्हणजे ज्योतींकडे तोंड असलेली त्या खोलीत ती एकटीच होती. कॉन्सेप्टा मोठमोठ्याने पुढे म्हणायची, आम्ही मागून. माळेच्या तिसऱ्या दहा मण्यांवर असू. चुर्र असा आवाज झाला. ओल्या बोटांनी वात चिमटली की होतो तो. मग धुराचा वास आला.

अट्रॅक्टाचा आवाज 'प्रणाम मारिये'च्या मध्येच तुटला. ती वळली नाही. खुर्चीच्या गादीत तोंड तसंच ठेवून तिने विचारलं, "कुणाची?"

"माझी," इटा म्हणाली.

अट्रॅक्टा उठली ती टेबलावर आपटलीच. कप किणकिणले. मधला बुंधा विझला होता, त्यातून धुराची रेघ सरळ वर जात होती. "कशी विझली? वारा कुठून आला? दार कुणी उघडलं?"

"दार बंद आहे. मी विझवली."

"वेड लागलंय का तुला! पेटव! गोरेटी, काड्या दे, काड्या कुठेयत!" तिने पेटी हिसकली, एक काडी मोडली, दुसरी मोडली. इटाने पुढे वाकून तिचं मनगट धरलं.

"बस खाली."

"सोड मला!"

"बस, अट्रॅक्टा. मी चौदा वर्षांची होईपर्यंत आपण एका पलंगावर झोपायचो, आठवतं? तू झोपेत बोलतेस. दर नाताळात. 'परत ठेव. बाळाची परत ठेव. आई, मी परत ठेवते.' घामाने भिजायचीस. मी सात वर्षांची होते तेव्हा मला कळलं की बाळ म्हणजे मी. बाकीचं नंतर जुळवलं."

अट्रॅक्टाच्या हातातून पेटी पडली. ती मटकन टान्सीबाईंच्या जागेवर बसली, जिथे ती कुणाला बसू द्यायची नाही.

"तू मला कधी बोलली नाहीस," ती म्हणाली.

"मला वाटलं तू सांगशील. साठ वर्षं वाट बघितली. आता माझ्याकडे तेवढा वेळ नाही."

मग अट्रॅक्टाने सांगितलं. आमच्याकडे बघून नाही, चाळणीकडे बघून. त्या वर्षी आईने याच टेबलावर घरातल्या प्रत्येकाची मेणबत्ती लावली होती. प्रत्येकाची जागा ठरलेली होती. पाळण्यातल्या इटासाठी उरलेला बारकासा तुकडा होता, कारण बाळासाठी मोठी कशाला. सगळे पाठ करून प्रार्थनेला बसले. अट्रॅक्टाने मान वळवून बघितलं तर बाळाची ज्योत बुडायला लागलेली. शेजारी आईची, उंच आणि दणकट. तिने हात लांब केला आणि दोन्ही उपटून जागा बदलल्या. बस, एवढंच. प्रार्थना संपली तेव्हा आईच्या जागेवरची मेणबत्ती विझलेली होती. आई हसली. म्हणाली, "चला, देवाने रांग बरोबर लावली." ईस्टरआधीच्या उपवासात, लेंटच्या दिवसांत, तिला ताप आला आणि ती गेली.

"मी तुझी घेतली आणि आईला दिली," अट्रॅक्टा म्हणाली. "माझी द्यायची होती. माझीही तिथेच होती. हात जवळच्या मेणबत्तीवर पडला."

इतकी वर्षं आखूड तुकडा का, ते मला कळलं. करपलेल्या पोळीबद्दल मी जे जे बोलले होते ते आठवून मला माझीच लाज वाटली.

"आई न्यूमोनियाने गेली," इटा म्हणाली. "आणि मी सिगारेटने चाललेय. मेणाचा काय संबंध?"

"आहे. मला माहीत आहे, आहे."

इटा खोकली. खूप वेळ. मग तिने तोंड पुसलं आणि आवाज खाली आणला. "बरं, आहे. तुझ्या मनासारखं. तेव्हा विझलेली ती माझी होती ना? मग माझी मला परत दे. पुष्कळ सांभाळलीस. आणि या खेपेला हात माझा होता, तुझा नाही. या सगळ्यांनी बघितलंय." तिने टेबलभर मांडलेल्या कपांकडे हात केला. "टान्सीबाई, पॅकी, डेलिया. कुणाचा हात होता? बघितलंत ना?"

कुणी काही बोललं नाही, अर्थातच. पण मी शपथेवर सांगते, त्या क्षणी मला मान वळवून मागे बघायची हिंमत झाली नाही.

"कुणाची विझली?" कॉन्सेप्टाने विचारलं. तिला अर्धंसुद्धा ऐकू आलं नव्हतं.

"इटाची!" मी ओरडले.

तिने छातीवर क्रॉसची खूण केली. "मग केक कापा," म्हणाली. "पोरीला केक तरी खाऊ द्या."

इटाने केक खाल्ला. अट्रॅक्टाने तिच्याशेजारी स्टूल ओढलं आणि तिचा हात मांडीवर घेऊन बसली. तो नखाएवढा तुकडा मधेच कधीतरी विझून गेला होता. कधी, ते कुणी पाहिलं नाही.

लेंटमध्येच इटा गेली. सेंट पॅट्रिकच्या आधी. दफनाला अट्रॅक्टा रडली नाही, सगळ्यांचे हात हातात घेतले, सगळ्यांना सँडविच वाढले. मग एका सकाळी ती स्वतः खोकं घेऊन दुकानात आली. कंगवे, कात्र्या, कोट, चमकीच्या चपला. मी एकेक काढत होते. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिवळा मग लागला. मी तो बाजूला ठेवला आणि तिच्याकडे सरकवला. तिने कुणाचा म्हणून विचारलं नाही. पिशवीत घातला.

त्या वर्षी ती दुकानात कमी आली. एकदा आली तेव्हा म्हणाली, रात्री पलीकडच्या खोलीतून खोकला येतो. मी म्हटलं, म्हातारं घर आहे, लाकडं वाजतात. "लाकडाचा खोकला मला कळतो," ती म्हणाली. "त्याचं काही नाही. मला तिची भीती वाटत नाही. पण गोरेटी, मी आता झोपेत काय बोलते, ते कोण सांगणार मला?"

तिच्यासाठी एक बशी ठेवली होती, ती दाखवायची राहून गेली.

जानेवारी आला. मला वाटलं, या वर्षी ती दार उघडायची नाही. पण निरोप आला, नेहमीसारखं या. टेबलही नेहमीसारखं, ना फार ना कमी. हिरवा पट्टा, हॉली, गवती छपराची साखरदाणी. आणि शेगडीजवळच्या जागेवर पिवळा मग. त्या नाजूक कपांत तो बुटक्या पहिलवानासारखा दिसत होता. तो ठेवताना ती काय बोलली ते मला माहीत नाही, आम्ही पोचायच्या आधीच ठेवला होता.

मी नेलेले तुकडे तिने कॉन्सेप्टाला आणि मला वाटले. मग कपाटातून ईस्टरचा बुंधा काढला. वर काळी, चिमटलेली वात तशीच होती.

"मेलेल्यांची मेणबत्ती लावत नाहीत," कॉन्सेप्टा म्हणाली.

"मेलेल्यांची कुठे? उरलेली आहे," अट्रॅक्टा म्हणाली. "चांगली वस्तू. कुणाची ते मला माहीत आहे. टाकून कशाला द्यायची?" तिने ती वाडग्यात बसवली, नखाने वात सरळ केली, काडी ओढली. वात आधी तडतडली, मग धरली. "ही अट्रॅक्टा," ती म्हणाली. स्वतःचं नाव तिने असं मोठ्याने म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं.

आम्ही पाठ केली आणि प्रार्थना म्हटली. पहिली माझी विझली. जार्लथला अजून सांगितलेलं नाही. मग कॉन्सेप्टाची गेली. बुंधा आपला जळत होता, संथ, उंच ज्योत. चहा झाला, केक झाला, आम्ही कोट घातले तरी तो तितकाच होता. जळती मेणबत्ती सोडून घरातून उठायचं नाही आणि फुंकायचीही नाही, त्यामुळे अट्रॅक्टा आम्हाला सोडायला दारापर्यंतसुद्धा आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी पुलावरून चालले होते. तिच्या खिडकीत उजेड दिसला. दार ढकलून आत गेले. ती टेबलाशी बसली होती, अंगावर कालचाच पोशाख. हॉली उतरवायचं राहिलं होतं. मेणबत्ती फार तर बोटभर खाली आली असेल. पिवळ्या मगातला चहा ताजा होता, त्यातून वाफ येत होती.

तिला माझी चाहूल लागली नाही. तिने हनुवटी तळहातावर टेकवली होती आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून ती म्हणाली, "इटा, किती दिवस बसवून ठेवणार आहेस गं मला?"